बिनवर्षाची पावलं

आत्याने घर आवरायला काढलं आणि पहिली वस्तू माझ्या हातात कोंबली ती आजोबांची मापांची वही.

"ने तुझ्या दुकानात. विमानात एवढं वजन कुठे नेऊ?" ती म्हणाली. वही जेमतेम पाव किलोची होती. पण आत्याला एखादी गोष्ट नकोशी झाली की ती आपोआप जड होते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कागदोपत्री वय ब्याऐंशी, जीभ चाळिशीतली. चोवीस ऑक्टोबरला ती कायमची परदेशी, मुलीकडे राहायला जाणार होती. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटापासून मी रोज दुपारी दुकानाला कुलूप लावून तिच्याकडे खोकी बांधायला जात होते. आमचं दुकान बुटांचं. आजोबांनी काढलं, बाबांनी चालवलं, आणि अकरा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हापासून मी चालवते. मी माणसाचं तोंड नंतर बघते, आधी टाच बघते. टाच कुठल्या बाजूने झिजली आहे त्यावरून माणूस कळतो असं माझं ठाम मत आहे, आणि ते आजवर दोनदाच चुकलं. त्यातल्या एकाशी मी लग्न केलं होतं.

वहीचं असं होतं. घरातल्या पोराचा वाढदिवस आला की आजोबा सकाळीच त्याला कागदावर उभं करायचे, पेन्सिल उभी धरून पावलाभोवती फिरवायचे, आणि संध्याकाळपर्यंत त्या मापाचे नवे बूट तयार. सकाळी पाऊल, संध्याकाळी बूट, असा घरातला नेमच होता. कागदावर नाव, दिवस आणि महिना लिहायचे. वर्ष कधीच नाही. वर्ष कशाला लिहायचं, पाऊल बघितलं की कळतंच, असं त्यांचं म्हणणं. मूल चौदा वर्षांचं होईपर्यंत हे चालायचं आणि मग ते कागद दोऱ्याने शिवून ठेवायचे. बाबा गेल्यावर ती वही आत्याने माझ्याकडून हट्टाने मागून नेली होती.

"आठवण म्हणून नेली होतीस ना? मग आता का नको?" मी विचारलं.

"आठवण म्हणून नाही, पुरावा म्हणून नेली होती." आत्या खोक्यावर बसली आणि तिने वही उघडली. "हे बघ. नऊ मार्च, माझा वाढदिवस. पहिल्या वर्षी पाऊल काढलं. दुसऱ्या वर्षी काढलं. संपलं कौतुक. पुढची सगळी बघ, एकवीस ऑक्टोबर, एकवीस ऑक्टोबर. आता तुझ्या बापाची बघ. एकूण एक त्याच्या वाढदिवसाची. त्याला वाढदिवसाला बूट, आणि मला बापाला सवड झाली की."

"बाबा म्हणायचे, ऑक्टोबरात दुकानात काम कमी असायचं म्हणून तेव्हा तुझे—"

"त्याला काय जातंय म्हणायला. त्याला वेळेवर मिळत होते."

एरवी आत्या तक्रार करते ती चहाच्या घोटाबरोबर, हसत हसत. त्या दिवशी तिला थांबताच येईना. भावाला सहा पूर्ण झाल्यावर शाळेत घातलं, तिला मात्र आठ पूर्ण झाल्यावर. वर्गात वयाने सगळ्यात मोठी आणि उंचीने सगळ्यात लहान. मास्तर पटावरचं वय वाचून दाखवायचे आणि पोरं हसायची. आणि दरवर्षी नऊ मार्चला तिची आई, म्हणजे माझी आजी, सकाळपासून रडायची. मुलीसमोर नाही. भांडी घासताना, पाठ करून.

"माझ्या वाढदिवसाला, अगं. दरवर्षी. विचारलं की म्हणायची, डोळ्यात काहीतरी गेलं." आत्याने वही मिटली. "मग एकदा वरच्या मजल्यावरच्या बाईशी पाण्यावरून माझं वाजलं. नऊ-दहा वर्षांची असेन. ती म्हणाली, तू आलीस आणि घरातलं एक गेलं. आईने ऐकलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"माझ्या जोडीला मुलगा होता. जुळा. मी राहिले आणि तो गेला. म्हणून मी कुणाला नको होते."

सत्तर वर्षं ही बाई हे मनात घेऊन फिरत होती आणि मला आज सांगत होती, तेही खोक्याला चिकटपट्टी लावता लावता. मला तिचा रागच आला. मग वाईट वाटलं. मग खरं सांगायचं तर उत्सुकता वाटली, कारण मला कुठलीही गोष्ट उसवून बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

"जायच्या आधी मला एवढं कळायला हवं," आत्या म्हणाली. "नाहीतरी तिकडे राहायच्या परवान्यासाठी माझ्या जन्मदाखल्याची ताजी नक्कल लागणारच आहे. ती आणायला जाशील तेव्हा बघ, माझ्या शेजारी कुणाचं नाव आहे का."

वही मी पिशवीत टाकली आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी नक्कल दहा मिनिटांत काढून दिली. नाव, आईबाप, बापाचा धंदा बूट शिवणे, रस्ता, घर क्रमांक, नऊ मार्च. सगळं बरोबर. मी म्हटलं, मला मूळ पान बघायचं आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कशाला? नकलेत आहे तेच पानावर आहे."

"नकलेत जे नाही ते बघायचंय."

हे त्यांना आवडलं असावं. त्यांनी मला तळघरातल्या अभिलेखांच्या खोलीची चिठ्ठी दिली.

ती खोली सांभाळणारे गृहस्थ साठीच्या पुढचे होते, सडपातळ, बाह्यांना शाईचे डाग, आणि पायात रबरी तळाचे बूट. दोन्ही टाचा अगदी सारख्या झिजलेल्या. असा माणूस मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिला आहे, त्यामुळे त्यांच्यावर माझा लगेच विश्वास बसला. मी पान उलटायला हात लावला की ते तिकडून "हळू, हळू" म्हणायचे. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात हळूकाकाच म्हणू लागले. त्यांचा नियम असा की पिशवी त्यांच्या टेबलाखाली ठेवायची, पेन बंद, फक्त पेन्सिल.

जन्माच्या नोंदवहीचं पान माझ्या दोन हातांएवढं रुंद होतं. आत्याची ओळ सापडली. शेवटून तिसऱ्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: एकटे.

"म्हणजे जुळं नाही?" मी विचारलं.

"जुळं असतं तर दोन ओळी असत्या आणि दोन्हींत तसं लिहिलं असतं," हळूकाका म्हणाले. "मेलेलं जन्मलं तरी ओळ असते. त्या वेळचा कारकून काटेकोर होता. मी ओळखतो त्याला."

"तुम्ही ओळखता?"

"अक्षराने. तीस वर्षं वाचतोय त्याला. फक्त एका उन्हाळ्यात त्याचं अक्षर बिघडलंय, बहुतेक हात मोडला असेल."

मला ही खोली आवडायला लागली. पण आत्याच्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच मिळालं होतं. जुळा भाऊ नव्हता हे खरं, पण 'घरातलं एक गेलं' ते कोण? हळूकाका म्हणाले, "गेलेली माणसं दुसऱ्या वहीत. घर क्रमांक माहीत आहे ना? मग नावाने शोधू नका, घराने शोधा. नावं बदलतात, घर हलत नाही."

मृत्यूच्या वह्या काळ्या पुठ्ठ्याच्या. मी आत्याच्या जन्मवर्षापासून सुरुवात केली. ते वर्ष कोरडं गेलं. दुसऱ्या दिवशी पुढचंही. तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात, चौदा तारखेला आमच्या घराचा क्रमांक दिसला. मुलगी. वय दोन वर्षं दोन महिने. कारण घटसर्प. खबर देणार बाप, धंदा बूट शिवणे. आणि नावाच्या रकान्यात माझ्या आत्याचं नाव होतं.

मी तीनदा वाचलं. मग दाखल्याची नक्कल शेजारी ठेवून एकेक रकाना बोट लावून ताडून पाहिला. नाव तेच, आईबाप तेच, घर तेच. नऊ मार्चला जन्मलेलं मूल चौदा मेला दोन वर्षं दोन महिन्यांचंच असणार. ज्या बाईने मला वेणी घालायला शिकवलं, जिच्या हातचा मार खाऊन मी मोठी झाले, ती ऐंशी वर्षांपूर्वीच वारली होती, आणि मी तिच्याकडे रोज दुपारी खोकी बांधायला जात होते.

"काका, एखादं माणूस चुकून मेलेलं लिहिलं जातं का?"

हळूकाका उठून आले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "खबर बापाने दिली आहे. बाप चुकेल का?"

मग एकच प्रश्न उरला, आणि तो मला मुळीच नको होता. ती मुलगी जर गेली, तर माझी आत्या कोण? कुठून आणली तिला? शेजारणीचं बोलणं, आजीचं रडणं, उशिरा घातलेली शाळा, सवडीने मिळालेले बूट, सगळं एकाच दिशेला बोट दाखवायला लागलं. मी विचारायला गेले होते की तू कुणाला नको होतीस का, आणि उत्तर घेऊन आले असते की तू आमची नव्हतीसच.

त्या दुपारी मी आत्याकडे गेले नाही. फोन करून सांगितलं, एका गिऱ्हाइकाचा बूट अडलाय. दुसऱ्या दिवशीही तेच.

"किती पायांचं गिऱ्हाईक आहे गं?" आत्या म्हणाली. "सापडलं का काही?"

"जुळं नव्हतं, आत्या. एकटीच होतीस. वहीत तसं लिहिलंय."

पलीकडे चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला. "मग कोण गेलं?"

"शोधतेय," मी म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही. मी नुसती आवाज वाढवते. आणि आत्याला ते माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी दुकानात डबा काढायला पिशवीत हात घातला आणि हाताला वही लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. तीन दिवस मी तळघरात पानं उलटत होते आणि ही वही हळूकाकांच्या टेबलाखाली पिशवीत पडून होती. मी ती कामाच्या फळीवर उघडली, दिवा जवळ ओढला आणि पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं माप बघावं तशी ती पावलं बघितली.

आत्याचं पहिलं पाऊल, नऊ मार्च. दुसरं, एकवीस ऑक्टोबर. तिसरं, नऊ मार्च. चौथं, एकवीस ऑक्टोबर. तिथून पुढे सगळी ऑक्टोबरची. घरात सगळे समजत होते की पहिली दोन वर्षं आजोबांनी लाडाने वर्षातून दोनदा माप घेतलं. मी पट्टी लावली. मार्चचं पहिलं आणि ऑक्टोबरचं पहिलं यांच्यात केसभराचा फरक. मग ऑक्टोबर ते पुढचा मार्च, पाच महिन्यांत बोटभर वाढ. मग पुन्हा सात महिने जवळजवळ तेवढंच. मी आजवर हजारभर तरी पोरांची मापं घेतली असतील. इतक्या लहान वयात पाऊल असं थांबत नाही आणि असं उडीही मारत नाही. आईबाप उगाच का रडतात की बूट दोन महिन्यांत लहान झाले?

मग मी शिवण बघितली. दोरा आजोबांचा नव्हता, बाबांचा होता. बाबा शेवटच्या टाक्याला तीन गाठी मारायचे. म्हणजे मूळ शिवण तुटली होती, कागद सुटे झाले होते, आणि बाबांनी वही नव्याने शिवली होती. वर्ष तर कुठेच नाही. मग बाबांनी कागद लावले कसे? बूट शिवणाऱ्या माणसाने लावावेत तसेच, मापाने! लहान पाऊल आधी, मोठं नंतर. दुसऱ्या कुणी निदान कागदाचा रंग तरी बघितला असता. मार्चचे दोन्ही कागद तपकिरी, सामान गुंडाळायचे. ऑक्टोबरचे सगळे निळसर. मधेच तपकिरी, निळा, पुन्हा तपकिरी, असं कोण वापरेल?

आणि करंगळी. आमच्या घरात करंगळी आत वळते, चौथ्या बोटाखाली दडते. बाबांची तशी होती, माझी तशी आहे, आणि ती टोचत नाही असा बूट मला अजून शिवता आलेला नाही. पावलाभोवती पेन्सिल फिरवली की त्या जागी रेघ आत दबते. बाबांच्या प्रत्येक पावलात ती दबलेली होती. ऑक्टोबरच्या प्रत्येक पावलात दबलेली होती, अगदी पहिल्या इवल्याशा पावलापासून. मार्चच्या दोन पावलांत करंगळी सरळ, पंख्यासारखी बाहेर आलेली होती. बाबांनी लांबी बघितली आणि करंगळी सोडून दिली. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्यांनी आयुष्यभर एक माप मोठेच बूट घातले, त्यांना ती कधी टोचलीच नाही.

मी फळीवरच डोकं टेकून हसले. मार्चची मुलगी वेगळी होती. ऑक्टोबरची आमचीच होती, करंगळीसकट. आणि आजोबा एकवीस ऑक्टोबरला पाऊल काढत होते ते सवड होती म्हणून नाही. ऑक्टोबरात आमच्याकडे सवड कधीच नसते! थंडी तोंडावर आलेली असते, गावभरचे बूट तळ बदलायला आलेले असतात, जेवायला वेळ मिळत नाही. हे बाबांनाही ठाऊक होतं. तरी बहिणीला काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून ते तसं म्हणत राहिले असतील.

पण करंगळी कोर्टात चालत नाही, आणि आत्यापुढे तर नाहीच. मी दुकानाला कुलूप लावलं आणि तळघरात पळाले.

"एकवीस ऑक्टोबर," मी धापा टाकत हळूकाकांना म्हटलं. "ती मुलगी गेली त्याच वर्षीचा. जन्म."

त्यांनी जन्माची वही काढली. एकवीसची पानं पाहिली, बावीसची, पुढचा अख्खा महिना पाहिला. आमचं घर नव्हतं. मी खुर्चीत बसले.

"नोंदलंच नसेल," ते म्हणाले. मग टेबलावर बोटं वाजवत राहिले. "घरी बाळंत झाल्या असतील तर सुईण आली असेल. सुईणींना आरोग्य खात्याच्या वह्या असायच्या, भेटीगणिक लिहायच्या. वरच्या मांडणीत आहेत. कधी कुणी मागत नाही."

शिडी त्यांनी लावली, गठ्ठा त्यांनी उतरवला, धूळ माझ्या नाकात गेली. सुईणीची वही लहान, कडेला तेलकट. अक्षर घाईचं, पण एकही दिवस सुटलेला नाही. एकवीस ऑक्टोबरला तीन भेटी होत्या आणि दुसरी आमच्या घराची. माझ्या तोंडून आवाज निघाला. हळूकाका या वेळी "हळू" म्हणाले नाहीत. दोघांनी मिळून वाचलं.

मग ते म्हणाले, "नक्कल शिक्क्यासकट देतो. शेऱ्यासकट देतो."

आत्या रिकाम्या खोलीत शेवटच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसली होती. मी आत आले तेव्हा ती म्हणाली, "आवाज न वाढवता सांग."

मी सगळं क्रमाने सांगितलं. आधी काळ्या पुठ्ठ्याची वही, चौदा मे, घटसर्प. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग मी वही तिच्या मांडीवर उघडून तपकिरी कागद दाखवले, निळे दाखवले, तिला मोजे काढायला लावले आणि तिची वळलेली करंगळी तिलाच दाखवली. मग सुईणीच्या वहीची नक्कल दिली. चष्मा कुठल्यातरी खोक्यात गेला होता, म्हणून मीच वाचलं.

"एकवीस ऑक्टोबर. बूटवाल्यांचं घर. मुलगी, सकाळी सातला. दोघी ठीक. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: नोंदणीची चिठ्ठी देऊ केली, घेतली नाही. बाई म्हणाल्या, चिठ्ठी नको, दाखला घरात आहे."

आत्याने नक्कल माझ्या हातातून घेऊन मांडीवरच्या वहीवर ठेवली. 

"म्हणजे नाव तिचं," ती म्हणाली.

"हो."

"दाखला तिचा. वाढदिवस तिचा."

"कागदावर."

"आणि आई नऊ मार्चला रडायची ती—"

"तिच्यासाठी, आत्या. तुझ्यामुळे नाही. तू यायच्या आधीच पाच महिने ती गेली होती. त्या वरच्या बाईला महिने मोजता आले नाहीत, एवढंच."

ती बोटं मोजायला लागली. मला वाटलं होतं ती रडेल. ती हिशेब करत होती. "म्हणजे शाळेत गेले तेव्हा मी सहाचीही नव्हते?"

"सहाला तीन महिने कमी. बाबांपेक्षा लवकर घातलं तुला."

"आणि तो मास्तर मला घोडी म्हणायचा!" आत्या उसळली.  मग तिने वहीची निळी पानं एकेक करून उलटली, पहिलं, दुसरं, तिसरं, अशी चौदा. प्रत्येकावर आजोबांच्या अक्षरात तीच तारीख. शेवटच्या पानावर तिचा हात थांबला.

"दरवर्षी दिलेत गं त्यांनी मला बूट," ती म्हणाली. "वाढदिवसालाच. एक वर्ष चुकवलं नाही."

तेव्हा ती रडली, आणि मीही. आमच्याकडे रडताना पाठ करायची पद्धत आहे, पण खोली रिकामी होती आणि पाठ करून बघायला काही उरलं नव्हतं.

"आई माझा पाय धरायची," थोड्या वेळाने ती म्हणाली. "माझे बाबा पेन्सिल फिरवायचे, ती खाली बसून पाय धरायची, हलू नये म्हणून. फिरवून झालं तरी सोडायची नाही. बाबा म्हणायचे, अगं झालं, सोड. मला वाटायचं तिचं लक्षच नाही माझ्याकडे."

मी विचारलं, नोंद दुरुस्त करायला अर्ज करायचा का, साक्षीला हळूकाका येतील. आत्याने मान हलवली. कागदावर ब्याऐंशीच राहू दे, म्हाताऱ्यांच्या सवलती आहेत त्या कशाला सोडायच्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी मिळून तिची ऐंशी साजरी केली होती, भाषणं झाली होती, तिच्या मुलीने लांबून येऊन केक कापवला होता. त्याचं काय, मी म्हटलं.

"तो तिचा झाला," आत्या म्हणाली. "तिचा कोणी केला होता कधी? माझी ऐंशी आता आहे."

एकवीस तारखेला सकाळी सातला आत्या दुकानात आली, दार उघडायच्या आधीच. मी वहीचे टाके रात्रीच उसवून ठेवले होते. तपकिरी कागद वेगळे, निळे वेगळे. तिने ते फळीवर पाहिले आणि तपकिरी दोन्ही उचलून सगळ्यांच्या आधी ठेवले.

"ही पहिली शिव. थोरली आहे ती." हे बोलून ती स्वतःच थबकली. जन्मभर घरातली थोरली म्हणून तिने सगळ्यांवर हुकूम चालवला होता. "बघ, आता या वयात मला ताई मिळाली."

मी निळा कागद शोधला, तसा मिळाला नाही, पांढरा घेतला. जमिनीवर ठेवला, तिला खुर्चीच्या पाठीला धरून उभं केलं आणि पेन्सिल उभी धरली. टाचेपासून सुरुवात केली, आतल्या बाजूने वर, अंगठा, बोटं, आणि करंगळीशी रेघ आत दबली. मग बाहेरच्या कडेने परत टाचेशी. दुसऱ्या हाताने मी तिचा घोटा धरला होता.

"झालं की," आत्या वरून म्हणाली. "सोड."

मी सोडला नाही. तिनेही पुन्हा सांगितलं नाही.

मग कागद वर घेऊन मी नाव लिहिलं, एकवीस ऑक्टोबर लिहिलं आणि नेहमीप्रमाणे पेन्सिल खाली ठेवली. आत्याने ती उचलून पुन्हा माझ्या हातात दिली.

"वर्ष लिही," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी बूट तयार ठेव. माझा वाढदिवस आहे."